आवाज नीट येत नाही

२ जुलै

प्रिय मामा,

तू जाताना जो कॉम्प्युटर माझ्या टेबलाखाली ठेवून गेलास, तो उघडायला तुझी परवानगी हवी आहे. आई म्हणते, तुला दिलाय ना तो, मग विचारायचं काय? पण तू 'घे' म्हणाला होतास की 'ठेव' म्हणाला होतास, हे मला नक्की आठवत नाही. दोन्हींत फरक आहे, म्हणून विचारते.

कारण असं. आमच्या बैठकीच्या खोलीत आई हल्ली बसत नाही. तुला आठवत असेल, बसस्थानकावरून घरी आली की चपला काढता काढताच तिची सुरुवात व्हायची. चौकशीच्या खिडकीवर कोण आलं, कोणी उद्याची बस आज मागितली, कोण बायकोलाच फलाटावर विसरून गेलं, सगळ्यांच्या नकला. बाबांचा चहा थंड व्हायचा. आता जेवण झालं, ओटा पुसला, की "मी जरा पडते" म्हणून आत जाते. बाबांना वाटतं, ती त्यांच्यावर रागावली आहे. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नाही. विचारलं की ती म्हणते, "कुठे काय?" मग ते पेपर वाचतात, वाचून झालेलाच पुन्हा वाचतात.

तिला सिनेमे किती आवडतात ते तुला माहीतच आहे. तिच्या सिनेमांच्या तबकड्या खोक्यात पडून आहेत, कारण त्या लावायचं यंत्र बिघडलं. तर माझा विचार असा की तुझा कॉम्प्युटर नीट करून टीव्हीला जोडायचा. तिचे सगळे सिनेमे, गाणी, तुझ्या कॅमेऱ्यातले जुने फोटो त्यात भरायचे, म्हणजे सोफ्यावर बसून हवं ते लावता येईल. मला एवढंच हवं आहे की आईने संध्याकाळी पुन्हा आमच्यात येऊन बसावं.

कॉम्प्युटर चालू होतो, पण पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, आणि दर वेळी तारीख चुकीची दाखवतो. मी त्याबद्दल वाचते आहे, पण वाचलं की आणखी भीती वाटते. तू सांगशील तसं करीन.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. घरी शिकत होते तेव्हा तुला पत्र लिहिणं हा माझा निबंधाचा तास असायचा आणि तिच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय एकही पत्र पेटीत पडलं नाही. तेव्हा चुका राहिल्या असतील तर सांभाळून घे.

तुझी,
मुंगी

---

१४ जुलै

अगं मुंगे,

कॉम्प्युटर तुझाच. हवं तर स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, साक्षीदार म्हणून आमच्या वीजघराचा चौकीदार सही करेल.

आता काम ऐक. आधी वायर भिंतीतून काढ. डबा उघडलास की आत धूळ दिसेल, ती मऊ ब्रशने काढ. फुंकर मारू नकोस, सगळी तुझ्याच डोळ्यांत जाईल. तारीख चुकते ती आतली छोटी बॅटरी संपल्यामुळे. शर्टाच्या बटणासारखी चपटी असते, घड्याळवाल्याकडे मिळेल. पंखा बदल, तो माझ्याच वेळी कुरकुरत होता. जुनी हार्डडिस्क काढून नव्या पद्धतीची बसव, ती फिरत नाही म्हणून आवाज करत नाही आणि जागीही लवकर होते. जुनीवरचं काहीही पुसू नकोस, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे. मेमरीची आणखी एक पट्टी बसवायला जागा आहे.

एक गोष्ट लक्षात ठेव. त्यातल्या जुन्या ग्राफिक्स कार्डातून टीव्हीकडे फक्त चित्र जातं. आवाजाची वायर वेगळी टाकावी लागेल. तेवढं विसरलीस तर मूकपट बघत बसाल.

बाकी कोणाला मी 'घाई करू नकोस' असं लिहिलं असतं. तुला लिहितो, जरा घाई कर. औषधाच्या दुकानात तू प्रत्येक बाटलीचं लेबल पुन्हा पुन्हा वाचतेस तसं इथे करत बसलीस तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डबा उघडाच राहील.

भावोजींना सांग, पेपर पुरे. आणि ताईला माझा नमस्कार सांग, तिने विचारलं तर. नाही विचारलं तरी सांग.

मामा

---

१० ऑगस्ट

प्रिय मामा,

झालं. म्हणजे बरंच झालं, आणि एक बिघडलं.

डबा उघडेपर्यंत भीती होती, पण आत बघितल्यावर ती कमी झाली. सगळं एकमेकांना धरून बसलेलं असतं, आणि प्रत्येक खाच अशी की चुकीची वस्तू त्यात बसतच नाही. माणसांनी हे इतका विचार करून केलं आहे हे बघून फार बरं वाटलं. पट्टी बसताना 'टक' असा आवाज झाला तेव्हा मी काहीतरी मोडलं असं समजून बाबांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, आणि "छान" म्हणाले. त्यांना काय कळलं कोण जाणे.

नव्या पंख्याचा आवाज येतच नाही. डबा टीव्हीखालच्या कपाटात ठेवला, मागची फळी काढली म्हणजे वारा लागेल. आवाजाची वायर आठवणीने टाकली. तबकड्या एकेक करून उतरवल्या. ज्या खराब झाल्या होत्या त्यांच्याऐवजी तेच सिनेमे विकत घेऊन भरले. पडद्यावर आता सगळ्या सिनेमांची चित्रं ओळीने दिसतात, आणि हातात मावेल एवढ्या रिमोटने निवडता येतात.

शनिवारी उद्घाटन केलं. बाबांनी सोफा ओढून बरोबर समोर आणला, मी पडदे लावले, दिवा बंद केला. आई मधोमध बसली. तिच्या आवडीचाच सिनेमा लावला होता. पहिलं गाणं झालं तोवर ती खूश होती, गुडघ्यावर ठेका धरला होता. मग बोलणं सुरू झालं आणि ती अस्वस्थ झाली. एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. थोड्या वेळाने उठली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "तुझ्या ह्या डब्यातून आवाज नीट येत नाही गं. सगळे तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखे बोलतात." आणि आत गेली.

मामा, मी त्याच सिनेमाचं तेच दृश्य नंतर बघितलं. मला नीट ऐकू आलं, पण माझे कान माझ्याच कामाची बाजू घेत असतील. काहीतरी चुकलं आहे. आणखी एक गंमत. दुसऱ्या दिवशी बघते तर सिनेमाखाली अक्षरं येत होती, सबटायटल्स. आपल्याच भाषेतला सिनेमा आणि आपल्याच भाषेतली अक्षरं! मी ती लावली नव्हती. बंद केली, तर परवा पुन्हा आली. हाही माझ्याच जोडणीतला दोष असेल का?

मुंगी

---

१९ ऑगस्ट

मुंगे,

शाबास, आणि रडू नकोस. ताईची तक्रार मला ओळखीची वाटते.

नव्या सिनेमांचा, आणि नव्याने काढलेल्या जुन्यांचाही, आवाज सहा भागांत येतो: समोर, मधे, बाजूला, मागे, असा. माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या भागात असतं. ज्यांच्याकडे खोलीभर सहा स्पीकर आहेत त्यांना ते मजेत ऐकू येतं. तुमच्याकडे दोन. त्यामुळे गाणी, दारं आपटणं, घोडे, हे सगळं येतं, आणि बोलणं मधल्या मधे हरवतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये जा आणि स्पीकर दोनच आहेत असं कॉम्प्युटरला सांग, तो सहाचे दोन करून देईल. त्यानंतरही कुरकुर राहिली तर वायर बदल, मग स्पीकर बदलून बघ. पण एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर गुण कशाने आला ते कळणार नाही. हे तुला मी काय सांगू, ताईनेच आपल्या दोघांना शिकवलंय.

अक्षरांचं मात्र कोडं आहे. कॉम्प्युटर मनाने काही करत नाही. कोणीतरी सांगितलेलं असतं.

एक विचारतो, खरं सांग. ताई माझ्यावर रागावली आहे का? मधे फोन केला होता. मी इथून सुटका करून घेऊन तुमच्या गावात बदली मागावी का, असं विचारलं. माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती, आठवडाभर जुळवून बोललो होतो. ती म्हणाली, "हो हो, बरं, जप स्वतःला," आणि ठेवला. मी एवढा नकोसा झालोय असं वाटलं नव्हतं. भावोजी म्हणतात त्यांच्यावर रागावली, मला वाटतं माझ्यावर. आपण पुरुषांनी मिळून काहीतरी केलेलं दिसतंय, काय ते तेवढं आम्हाला सांगा.

मामा

---

७ सप्टेंबर

प्रिय मामा,

तू सांगितलंस तसं, त्याच क्रमाने केलं.

सहाचे दोन केले आणि खरंच फरक पडला! बाबा सोफ्यावरून उठून उभेच राहिले. म्हणाले, हा नट असं काही म्हणतो हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मीही ऐकत राहिले. दारामागची कुजबुज, कागदाची सळसळ, सगळं वेगळं. मला वाटलं, सुटलं कोडं. आईला हाताला धरून आणलं. ती मान एका बाजूला कलती करून बसली, बराच वेळ बसली, आणि मग म्हणाली, "आता बरं आहे." तिच्या 'बरं आहे'तून मला लगेच कळलं की बरं नाही.

मग वायर बदलली. मग शेजारच्या शिंप्याकडून त्याचे चांगले स्पीकर मागून आणले. आवाज वाढवून बघितला, तर वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या आणि सिनेमा छान आहे पण आम्ही तो आधीच बघितलाय असं अगदी गोड हसून सांगून गेल्या. आई मात्र तरीही उठून गेलीच. जाताना म्हणाली, मोठा झाला, स्पष्ट कुठे झाला?

अक्षरांचा बंदोबस्त केला. रोज परत येत होती, म्हणून त्या सेटिंगला कुलूप घातलं. आता माझ्या संकेतशब्दाशिवाय लागत नाहीत.

बुधवारी एक विचित्र गोष्ट झाली. आईची सुट्टी होती आणि मी दुकानातून लवकर आले. ती बैठकीत एकटी होती. पडदे उघडे, सिनेमा चालू, आणि आवाज पूर्ण बंद. ती टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसली होती आणि रिमोटची बटणं एकामागून एक दाबत होती. मला बघून दचकली. म्हणाली, "डोकं दुखत होतं म्हणून आवाज बंद केला." मग मी चहा ठेवायला वळले तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती खाली अक्षरं यायची ती कुठे गेली गं?" मी सांगितलं, तो दोष होता, मी काढून टाकला. ती "हुशार आहेस" म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

मामा, तिला आवाज इतका वाईट वाटतो की त्यापेक्षा अजिबात नको वाटतो. मी मन लावून एक वस्तू केली आणि तीच तिला टोचते आहे. आता वेगळं साउंड कार्ड घ्यावं का? कोणतं घेऊ ते सांग. बाकी सगळं मी बदलून पाहिलं.

तुझ्यावर ती रागावलेली नाही. तुझ्या बदलीबद्दल ती आमच्याजवळ एक शब्दही बोललेली नाही, हे मात्र मला कळत नाही.

मुंगी

---

१५ सप्टेंबर

मुंगे,

साउंड कार्ड घेऊ नकोस. आधी ते कुलूप काढ. पत्र पुढे वाचायच्या आधी काढलंस तरी चालेल.

तू लिहितेस, बाकी सगळं बदलून पाहिलं. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत फोरमनला वाचून दाखवलं, गंमत म्हणून. तो हसला नाही. त्याने घास खाली ठेवला आणि विचारलं, "तुझ्या बहिणीचे कान कोणी तपासलेत का?"

इथे टर्बाइनच्या आवाजात काम करतो म्हणून आम्हा सगळ्यांना दरवर्षी एका बंद खोलीत बसवून कान तपासतात. फोरमनचे असेच गेले होते. तो सांगतो, आवाज कमी होत नाही, फुटतो. गाणं ऐकू येतं, गाडी ऐकू येते, माणूस बोलतोय हेही कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. स, त, फ असली बारीक अक्षरं गळतात. तोही दोन वर्षं बायकोला म्हणत होता, तू पुटपुटतेस.

मुंगे, अक्षरं ताई लावत होती.

आणि माझा फोन. ती रागावली नव्हती, तिला ऐकूच आलं नव्हतं. मी बदलीचं विचारलं आणि तिला वाटलं असेल हवापाणी सांगतोय. मी महिनाभर तोंड फुगवून बसलो.

खात्री करून घे. सोपं आहे. ती ओट्याशी पाठमोरी असेल तेव्हा हळू आवाजात काहीतरी विचार, किंवा मागे एखादं भांडं वाजव. वळली नाही तर समज. मग मला लिही, आपण ठरवू तिला कसं सांगायचं ते.

मामा

---

२६ सप्टेंबर

प्रिय मामा,

कुलूप त्याच क्षणी काढलं. पण भांडं वाजवलं नाही.

वाजवणार होते. ती तांदूळ निवडत होती, मी मागे उभी होते, हातात झाकण होतं. मग वाटलं, हिने मला इतकी वर्षं शिकवलं आणि एकदाही न सांगता परीक्षा घेतली नाही. आदल्या दिवशी सांगायची, कशावर घेणार तेही सांगायची. आणि मी तिच्या पाठीमागे झाकण घेऊन उभी. मी ते खाली ठेवलं, टेबलाला वळसा घालून तिच्या समोर बसले, आणि विचारलं, "आई, तुला ऐकू येत नाही का?"

ती तांदूळच निवडत राहिली. मला वाटलं हेही ऐकू आलं नाही. मग मान वर न करता म्हणाली, "कधी कळलं तुला?"

मी खरं ते सांगितलं. मला नाही, मामाच्या फोरमनला. मला तर वाटत होतं माझीच वायर चुकली. ती हसली, आणि मग हसू थांबलं. मी विचारलं, मग खिडकीवर कशी काय काम करतेस, तिथे तर दिवसभर लोकांचे प्रश्न.

मामा, तिने जे सांगितलं ते मी तसंच लिहिते. म्हणाली, "खिडकीवर मला सगळं कळतं. काच आहे ना, प्रत्येक जण वाकून माझ्या तोंडाकडे बघत बोलतो. ओठ दिसतात. घरात माझ्याकडे बघून कोण बोलतं? तुम्ही दोघं टीव्हीकडे बघून बोलता, आणि तू तर वर दिवाही बंद केलास."

मी सोफा, पडदे, अंधार, सगळं तिच्यासाठी केलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीने तिला बाहेर काढलं होतं.

मी म्हटलं, आपण डॉक्टरकडे जाऊ. ती एकदम कडक झाली. म्हणाली, स्थानकावर कळलं तर मला खिडकीवरून काढतील आणि मागे सामानाच्या खोलीत बसवतील, जिथे दिवसभर माणसाचं तोंड दिसत नाही. बाबांना सांगू नकोस, तुझ्या मामालाही सांग, गप्प बस म्हणावं. आणि आत गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते, पण बैठकीत येत नाही. बाबा अजून विचारतात, माझं काय चुकलं. मला उत्तर माहीत आहे आणि देता येत नाही. खोटं बोलत नाही, पण खरंही बोलत नाही, आणि या दोहोंच्या मधे मला उभं राहता येत नाही. काय करू?

मुंगी

---

२० ऑक्टोबर

धाकट्या,

माझ्या पाठीमागे भांडं वाजवायला सांगितलंस? समोर ये, मग दाखवते काय वाजतं ते.

मुंगीने तुला 'काय करू' विचारलं आणि तुझं उत्तर यायच्या आत तिने ते केलं. माझ्यासमोर बसून म्हणाली, "आई, तुझ्या परवानगीशिवाय बाबांना सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर 'मला माहीत नाही' असंही म्हणणार नाही, आणि हे तुला आधी सांगून ठेवते." म्हणजे मला नोटीस दिली. मीच शिकवलेली मुलगी, दोष कोणाला देणार? दोन दिवस मी तिच्यावर चिडले होते. तिसऱ्या दिवशी दिवा लावला आणि तुझ्या भावोजींना समोर बसवून स्वतःच सांगितलं. मला वाटलं, ते घाबरतील, नाहीतर गळा काढतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू माझ्यावर रागावलेली नाहीस?" नाही म्हटलं. तर उठून स्वतः चहा केला. साखर विसरले.

कान तपासून आणले. तुझा फोरमन बरोबर निघाला. बारीक आवाज दोन्ही बाजूंनी गेलेत, ते परत येणार नाहीत, पण कानात बसवायच्या यंत्राने बरंच भागेल. मापं घेतलीत. स्थानकप्रमुखांनाही मीच जाऊन सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. ते म्हणाले, तुमच्याबद्दल आजवर एकही तक्रार नाही, यंत्र बसवून या, मग बघू. 'मग बघू'चा अर्थ मला अजून कळलेला नाही. भीती आहेच. तूर्त खिडकीवर आहे.

तुझ्या बदलीचं मुंगीने सांगितलं. फोनवर मी 'हो हो' म्हटलं होतं, ते धरू नकोस. ते मी सगळ्यालाच म्हणत होते. आता समजून उमजून लिहिते, ये. लवकर अर्ज कर. भावोजी तुझ्यासाठी आतली खोली रिकामी करायला निघालेत, त्यांना थांबवलंय.

आता डब्याचं सांगते. सोफा भिंतीला लावला, दोन खुर्च्या आडव्या टाकल्या, दिवा चालू, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड मला दिसतं. सिनेमागृहासारखं अजिबात दिसत नाही, मुंगीला थोडं वाईट वाटलं. खाली अक्षरं असतात. भावोजी पहिल्या दिवशी कुरकुरले, नजर सारखी खालीच जाते म्हणाले.

काल एक विनोदी सिनेमा लावला होता. एका जागी मी मोठ्याने हसले आणि खोलीत बाकी सगळे गप्प. मला वाटलं, माझंच काही चुकलं. तेवढ्यात दोघं हसली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मी आधी, ती दोघं मागून. भावोजी वैतागून म्हणाले, "अगं, त्याला बोलू तर दे." अक्षरं आवाजाच्या जरा आधी येतात, म्हणून. मुंगी लगेच उठली, म्हणाली वेळ जुळवता येते, मी नीट करते.

मी तिला खाली बसवलं. राहू दे म्हटलं, असंच राहू दे.

ताई